विहारामागची मोकळी जागा

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला आपण बाहेरचे वक्ते बोलावतो. यंदा समितीने मला उभे केले. मी मोठ्या विषयाला हात घालणार नाही. विहाराच्या मागच्या भिंतीपलीकडे जी मोकळी जागा आहे, तिच्याबद्दलच बोलणार आहे. तिथं एक पिंपळ आहे, तीन लिंबाची झाडं आहेत, एक उकिरडा आहे आणि संध्याकाळी पोरांचं क्रिकेट आहे. या जागेवर मोठं सभागृह बांधावं अशी एक सूचना आली आहे. बगीचा करावा अशी दुसरी आली आहे. समिती लवकरच यावर ठराव करणार. ठराव होण्याआधी सगळ्या घरांनी विचार करावा, म्हणून हे बोलणं.

कुणी म्हणेल, विहाराच्या कार्यक्रमात बागेचा विषय कशाला? तर बाग आणि विहार हे आपल्या धम्मात पहिल्यापासून एकत्र आहेत. भगवंतांचा जन्म लुंबिनी वनातला. संघाला मिळालेलं जागेचं पहिलं दान म्हणजे राजगृहाचं वेळुवन, ते राजा बिंबिसाराने दिलं. आम्रपालीने आपली आमराई दिली. जेतवनाची गोष्ट तर आपल्या लेकरांनाही पाठ आहे. अनाथपिंडिकाने जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून राजकुमार जेताकडून ती बाग घेतली. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण सांगताना गाळतो. नाणी अंथरण्याआधी तो जागा शोधत फिरला होता, आणि कशी जागा हवी हे त्याने मनाशी ठरवलेलं होतं. नगरापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. लोकांना येणं-जाणं सोपं पडावं. दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. विनयपिटकात हे सगळं नोंदवलेलं आहे. आजचे नगररचनावाले बागेची जागा ठरवताना जे पाहतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. पैसा मोजण्याआधी त्याने जागा कुणाला, कशासाठी आणि कोणत्या वेळी लागणार याचा विचार केला. आपण उलटं करतो. निधी आधी येतो, मग त्यात काय बसतं ते बघतो.

आणि शब्द बघा. पालीत बागेला ‘आराम’ म्हणतात, म्हणून संघाराम. आपल्या मराठीत आराम म्हणजे विसावा. राबणाऱ्या माणसाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

आता बाबासाहेबांकडे येतो. महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. पण त्याच्या आधीची चार वर्षं आठवत नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, की सरकारी पैशातून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर तळं खुलं झालं. पण तळ्यावर कोण जात होतं? कुणीच नाही. कागद तीन वर्षं दप्तरात पडून राहिला. १९२७ साली बाबासाहेब स्वतः चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा ठराव आणि तळं यांच्यातलं अंतर जगाला दिसलं. पुढे मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, कोर्टकचेरी झाली, आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

हे मी बागेच्या विषयात का सांगतो? कारण सार्वजनिक जागा तपासण्याची खरी रीत हीच आहे. फलकावर काय लिहिलंय ते सोडा. तिथं जाऊन बसा आणि कोण येतं, कोण येत नाही ते बघा. कोनशिला वाचून बाग कळत नाही.

बाबासाहेबांनी हा धडा राज्यघटनेत घातला. अनुच्छेद १५ काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणाने कुणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरण्यास अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. राबत्याची जागा म्हणजे लोकांचा वावर असलेली जागा. बाग, मैदान त्यात आलं. दुसरा अनुच्छेद ४३. त्यात कामगाराला जगण्यापुरती मजुरी मिळावी हे तर आहेच, पण फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी यांचाही उपभोग मिळावा असं म्हटलं आहे. फुरसत! आपल्या लोकांना हा शब्द ऐकून हसू येतं. पण बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर मंत्री होते, तेव्हा १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. ते सहा तास माणसाला माणूस म्हणून जगायला मिळाले. ते तास घालवायचे कुठं, हा प्रश्न त्या कायद्याच्या पोटातच आहे. मुंबई राज्यात १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून कामगार कल्याण केंद्रं निघाली, कबड्डीचे संघ, वाचनालयं, शिवणवर्ग चालले. दादरचं शिवाजी पार्क नगरपालिकेने १९२५ साली लोकांना खुलं केलं आणि १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. त्या मैदानावर खेळून किती पोरं मोठी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या जालन्यात लोखंडाच्या भट्ट्यांपुढे बारा-बारा तास उभी राहणारी माणसं आहेत. मी त्यातलाच. पाळी सुटल्यावर माणसाला आधी सावली हवी असते. घरात पत्रा तापलेला, म्हणून तो चौकात टपरीवर बसतो, आणि टपरीवर बसला की खिशाला आणि घराला काय होतं ते आमच्या भगिनींनी सांगावं.

जालना म्हणजे सोन्याचा पालना, असं जुनी माणसं म्हणायची. सरकी, डाळ, बी-बियाणं, आता लोखंड. पैसा आहे. पण मोकळी जागा मोजा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. केंद्र सरकारची २०१४ ची नगर नियोजनाची मार्गदर्शिका माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरते. दहाने गुणलं तरी २८५ हेक्टर होतात, म्हणजे सातशे एकर. जुन्या लोकसंख्येचा हा हिशोब आहे, माणसं तर वाढली. मोती तलावाकाठची मोतीबाग आहे, आपण सगळे लेकरं घेऊन तिथं जातो. पण सणासुदीला रिक्षा करून जायची जागा वेगळी आणि रोज संध्याकाळी म्हाताऱ्या आईला हाताला धरून न्यायची जागा वेगळी. त्याच मार्गदर्शिकेत पाच हजार वस्तीला अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकराची बाग सांगितली आहे. जवळची, छोटी, चालत जायची. आपल्याला ती हवी आहे.

आता आपल्या जागेचं बोलू. ही जागा कुणाची? निम्मे लोक म्हणतात विहाराची, निम्मे म्हणतात सरकारची. मी नकाशाची नक्कल काढली आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. नकाशात ती ‘खुली जागा’ म्हणून दाखवली आहे. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. म्हणजे प्लॉट घेतलेल्या प्रत्येक घराचा तिच्यात वाटा आहे. विहाराचा नाही आणि कुणा एका पुढाऱ्याचा तर नाहीच नाही.

दोन पोरांना घेऊन मी टेपने मोजली. साधारण सोळा गुंठे भरते. राज्यात २०२० साली जी एकत्रित विकास नियमावली आली, तिच्याप्रमाणे अशा खुल्या जागेवर फार तर पंधरा टक्के बांधकाम करता येतं, त्यात तळमजल्यावर दहा टक्क्यांच्या वर नाही, आणि तेही वाचनालय, व्यायामशाळा अशा कामासाठी. सोळा गुंठे म्हणजे सतरा हजार चारशे चौरस फूट. त्याचे दहा टक्के म्हणजे सतराशे चाळीस. एवढ्या जागेत चारशे माणसांच्या लग्नाची पंगत बसते का? ज्यांनी पंगती वाढल्यात त्यांनी सांगावं. म्हणजे मोठं सभागृह बांधायचं तर नियम मोडून बांधावं लागेल. आपली वस्ती नियम मोडते तेव्हा नोटीस किती लवकर येते, हे मी सांगायला नको.

सभागृह मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची गरज खरी आहे. लग्नाच्या कार्यालयाचं भाडं परवडत नाही. अभ्यासिका नाही, पोरं दहावी-बारावीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली करतात. अभ्यासिकेला मी दोन्ही हातांनी पाठिंबा देतो. पंचवीस बाय चाळीसची एक खोली नियमात बसते, कोपऱ्यात बसते आणि एकही लिंब पाडावा लागत नाही. झाड पाडायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे विसरू नका. लग्नासाठी विहाराच्या स्वतःच्या इमारतीवर मजला चढवता येतो का, ते इंजिनिअरला विचारू.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की जागा मोकळी ठेवली तर कुणीतरी बळकावेल, सभागृह बांधलं की जागा राखली जाईल. यात दम आहे. बगीच्याचं आरक्षण कागदावर ठेवून कुणी ताब्यात घेतलं नाही, तर ते उडतं. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ मध्येच हे आहे. विकास आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि त्या नोटिशीनंतरही ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. अशा किती बागा नकाशात हिरव्या रंगात राहिल्या आणि जमिनीवर दुकानं झाली. आपली जागा आरक्षणाची नाही, लेआउटची आहे, तिला ते कलम लागत नाही. पण बळकावणारा कलम बघून येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जागा भिंतीने राखली जात नाही, माणसांनी राखली जाते. जिथं रोज सकाळी पन्नास माणसं येतात तिथं टपरी टाकायला कुणी धजत नाही. रिकामं, कुलूपबंद सभागृह मात्र कुणाच्या तरी सिमेंटच्या गोण्यांचं गोदाम झालेलं मी पाहिलं आहे. कुठं ते विचारू नका.

आता मोजणीचं सांगतो. गेल्या महिन्यात आम्ही काही जणांनी आठ दिवस पाळ्या लावून त्या जागेवर नोंद ठेवली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ. वहीत रकाने पाडले : म्हातारे, बाया, मोठ्या मुली, तरुण पोरं, लहान लेकरं. कोण आलं, काय केलं, किती वेळ थांबलं. आमच्या वहीत मोठ्या मुलींचा रकाना आठही दिवस कोरा राहिला. लहान मुली येतात, जरा वयात आल्या की दिसेनाशा होतात. बाया येतात त्या फक्त कचरा टाकायला. संध्याकाळी सगळी जागा क्रिकेटची. म्हातारी माणसं पिंपळाच्या दगडावर सकाळी बसतात, पण पाय पसरायला नीट जागा नाही म्हणून लवकर उठतात. रात्री आठला अंधार, आणि अंधारात बाटल्या.

मग महिला मंडळाच्या भगिनी घरोघर गेल्या आणि जे येत नाहीत त्यांना विचारलं, का येत नाही? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. येणाऱ्याला कुणीही विचारतं, न येणाऱ्याला कुणी विचारत नाही. उत्तरं साधी निघाली. दिवा नाही. बसायला जागा नाही. मुतारीची सोय नाही. बॉल लागतो. पोरं टोमणे मारतात. एक आजी म्हणाली, ‘बाबा, मला बगीचा नको, मला कुणीतरी बोलायला पाहिजे.’ ते मी वहीत तसंच लिहून ठेवलं आहे.

आता या उत्तरांवरून बाग आखायची. ठेकेदाराच्या यादीवरून नाही. ठेकेदाराची यादी सगळीकडे एकच असते : हिरवळ, कारंजं, पेव्हर ब्लॉक, व्यायामाची लोखंडी यंत्रं आणि एक मोठी कमान, कमानीवर नावं. हिरवळीला रोज पाणी लागतं. आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं? २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने काय भोगलं, टँकरमागे हंडे घेऊन कोण पळत होतं, ते सांगायची गरज नाही. ज्या गावात बायांनी पाण्यासाठी रात्र जागवली, तिथं कारंजं उडवायला मन धजत नाही. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव बांधून उतारावरून पाणी शहरात आणलं होतं. त्या लोकांनी आधी उतार पाहिला. आपणही विहाराच्या गच्चीचं पावसाचं पाणी कुठं जातं ते आधी पाहू. ते सध्या गटारात जातं.

म्हणून झाडं लावायची ती लिंब, करंज, चिंच. पहिले तीन उन्हाळे बादलीने जगवायची, मग ती आपली आपण जगतात. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, ते शिलालेखांत आणि स्तंभलेखांत कोरलेलं आहे. त्याने हिरवळ लावल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

बसायचे ओटे पिंपळाभोवती आणि पाण्याच्या टाकीजवळ, कारण बाया पाण्याला येतात, तिथं दोन घटका टेकतील. कुंपण कमरेएवढं. उंच भिंत बांधली की आतलं दिसत नाही आणि मग मुलीची आई मुलीला पाठवत नाही. दिवे आत दोन आणि बोळाच्या तोंडाशी एक. क्रिकेट बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या पोरांनीच आजवर जागा जिवंत ठेवली. पण वेळ वाटून घ्यावी लागेल. पाच ते साडेसहा मुलींचा खो-खो आणि कबड्डी, त्यानंतर पोरं. पहिले पंधरा दिवस भांडणं होतील, होऊ द्या. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन आपण विहारात दाटीवाटीने करतो, ते आषाढ सरल्यावर पाऊस उघडला की पिंपळाखाली करता येईल.

आणखी एक सावधगिरी. नागपुरात अंबाझरी उद्यानाच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होतं. उद्यानाचा विकास करण्याचं काम निघालं आणि २०२१ साली ते भवन पाडलं गेलं. २०२३ साली आपल्या आयाबहिणी तिथं महिनोन्‌महिने धरणं धरून बसल्या. म्हणून ‘विकास’ हा शब्द कागदावर दिसला की पुढची ओळ नीट वाचायची. देखभाल कुणाकडे, किती वर्षांसाठी, दाराची किल्ली कुणाकडे, तिकीट लावणार का? जातीवरून अडवायला घटनेने बंदी केली. पण दहा रुपयांचं तिकीट पाच लेकरांच्या आईला कसं अडवतं, ते तिकीट लावणाऱ्याला कळत नाही.

देखभालीवर मी मुद्दाम जोर देतो. निधी बांधायला मिळतो, माळ्याच्या पगाराला मिळत नाही. गटार, पाणी, दिवाबत्ती ही नगरपालिकेची आणि महापालिकेची बंधनकारक कामं. बाग मात्र दोन्ही कायद्यांत ऐच्छिक कामांत येते, जमलं तर करा अशी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत बागा आणि मैदानं नगरसंस्थांकडे दिली, तरी पैशाची तंगी आली की पहिली कात्री बागेला लागते. आपलं शहर २०२३ साली महापालिका झालं. पाटी बदलली म्हणून झाडाला पाणी आपोआप पडणार नाही. लेखी मागायचं, पोच घ्यायची, आणि तोवर रोपं वाटून घ्यायची, एका घराला एक. शहराचा नवा विकास आराखडा जेव्हा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती द्यायला तीस दिवसच असतात. तीस दिवसांत आपण सभेची तारीखही ठरवत नाही! म्हणून आजच पाच जणांची समिती नेमा, त्यात किमान तीन भगिनी असू द्या.

बाग झाल्यावर वर्षाने त्याच महिन्यात, त्याच चार वेळांना पुन्हा आठ दिवस वही घेऊन बसायचं. मोठ्या मुलींचा रकाना भरला का, ते बघायचं. भरला नाही तर उद्‌घाटनाचे फोटो कितीही चांगले आलेले असोत, काम फसलं असं स्वच्छ लिहायचं आणि कारण शोधायचं.

वही दारापाशी टेबलावर ठेवली आहे, नोंदी ज्याच्या त्याने वाचाव्या आणि चूक वाटेल तिथं समासात लिहावं. शेवटच्या पानावर सभागृह आणि बाग या दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहायला जागा सोडली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं महिला मंडळ उतरवून घेईल. रविवारी सकाळी वंदना झाली की ओटे आणि अभ्यासिकेची आखणी जमिनीवर चुन्याने करून दाखवू, म्हणजे सोळा गुंठ्यांत काय बसतं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. टेप माझ्याकडे आहे. खुंट्या आणि सुतळी ज्यांच्या घरी असेल त्यांनी आणावी, आणि पोरांनी त्या दिवशी बॅट घरी ठेवून यावं.

जयभीम. नमो बुद्धाय.